सुटकेचा निःश्वास

२०१४ च्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंना, दादांना, न्युमोनिया झाला. कोरडा खोकला, ताप आणि चार पावलांत लागणारी धाप. फुप्फुसातून काढलेल्या द्रवात न्युमोसिस्टिस नावाची बुरशी सापडली. निरोगी देहाला ती सहसा उपद्रव देत नाही. प्रतिकारशक्ती ढासळली की मात्र फुप्फुसात ठाण मांडते.

या बुरशीमागे एक इतिहास आहे. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना झालेल्या अशाच न्युमोनियाचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यांपैकी दोघे तोवर दगावले होते. एड्सची जगाला झालेली ती पहिली ओळख. साहजिकच दादांचीही एचआयव्ही तपासणी झाली. ती दोनदा केली. दोन्ही वेळा विषाणू आढळला नाही. आम्ही भावंडांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि भेटेल त्याला न विचारताच सांगत सुटलो, "तसले काही नाही हं!"

रक्तातील सीडी-४ पेशी मात्र तीनशेच्या खाली होत्या. एचआयव्ही नसताना आणि अन्य कारणही सापडत नसताना या पेशी घटलेल्या रुग्णांकडे १९९२ साली जगाचे लक्ष वेधले गेले. त्या विकाराच्या लांबलचक नावातील 'इडिओपॅथिक' या शब्दाचा अर्थ एवढाच, की कारण अज्ञात आहे. न्युमोनिया पुन्हा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी कोट्रायमोक्साझोलची गोळी रोज घेण्यास बजावले. हीच गोळी एचआयव्हीच्या रुग्णांनाही देतात, हे आमच्या कानी आले. मग ती कपाटात दडली, दुकानातून आणण्याचे काम आम्ही एकमेकांवर ढकलू लागलो आणि दादांना बरे वाटताच ती बंदच झाली.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये दुखणे उलटले. प्राणवायूच्या मुखवट्याआडून दादांनी विचारले, "अहवाल उलटा आला असता, तरी तुम्ही येथे बसला असता ना रे?"

आम्ही "हो" म्हणालो. पण क्षणभर उशिराने. तो क्षण त्यांनी ओळखला आणि डोळे मिटून घेतले.

त्या दुखण्यातून दादा उठले. गोळ्यांची पट्टी आता जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी असते. पाहुण्यांनी विचारले तर आम्ही तिचे नाव सांगतो, उपयोगही सांगतो. मात्र "तसले काही नाही" असे आता म्हणत नाही. ज्यांना 'तसले' आहे, तेही कुणाचे तरी दादा असतात.