देणगीच्या वस्तूची किंमत

ब्रिटनमधील जवळजवळ प्रत्येक शहराच्या मुख्य बाजाररस्त्यावर चॅरिटी शॉप, म्हणजे लोकांनी विनामूल्य दिलेल्या जुन्या वस्तू विकून एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी पैसा उभा करणारे दुकान, आढळतेच. आणि तेथील किमतींविषयी लोकांच्या मनात जो राग साचलेला दिसतो, तो इतर दुकानांच्या वाट्याला क्वचितच येतो. फुकट मिळालेला सदरा सात-आठ पौंडांना का विकता, त्याच रस्त्यावर नवा सदरा याहून स्वस्त मिळतो त्याचे काय, आणि मुळात ही दुकाने गरिबांसाठीच होती ना, असे हे प्रश्न असतात. खारेपाटणसारख्या कोकणातील गावाहून ऑक्सफर्डला येऊन स्थिरावलेल्या मराठी माणसाला या वादाचे मूळ शोधायला शहराबाहेर जावे लागत नाही, कारण या दुकानांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा तेथील ब्रॉड स्ट्रीटवरच घडला.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूने व्यापलेल्या ग्रीसमध्ये दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे अन्नाची भीषण टंचाई झाली, तेव्हा १९४२ मध्ये ऑक्सफर्डच्या काही नागरिकांनी दुष्काळनिवारणासाठी एक समिती स्थापन केली. पुढे ऑक्सफॅम या नावाने जगभर ओळखल्या गेलेल्या या समितीचे ब्रॉड स्ट्रीटवरील दुकान १९४७ च्या अखेरीस सुरू झाले, १९४९ मध्ये जो मिटी हे तिचे पहिले पगारी कर्मचारी म्हणून रुजू झाले, आणि १९५१ मध्ये बिहारमधील दुष्काळासाठी संस्थेने ब्रिटनमध्ये मदतीचे आवाहन केले. म्हणजे दुकानात आलेल्या वस्तूचे जितके जास्त पैसे होतील तितके धान्य दूरच्या उपाशी माणसापर्यंत पोहोचेल, हा विचार आरंभापासूनच या व्यवहाराच्या मुळाशी होता. स्थानिक गरिबाला स्वस्त कपडा मिळावा, हा त्याचा मूळ उद्देश नव्हता. तरीही ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग १९४९ पर्यंत चालू होते आणि त्या टंचाईत जुना पण धड कोट मिळणे हीच मोठी सोय होती, त्यामुळे ग्राहकाच्या मनात दुकानाची वेगळीच प्रतिमा तयार झाली असल्यास त्याला दोष देता येत नाही. एकाच वस्तूवर दूरचा गरजू आणि समोरचा गरजू असे दोन हक्क सांगितले जाऊ लागले आणि दोघांचे समाधान एका किमतीत करणे अवघड होऊन बसले.

संस्थांची बाजू कायद्याच्या दृष्टीने भक्कम आहे. धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांनी संस्थेच्या हिताचाच विचार करावा असे तेथील कायदा सांगतो, आणि त्यामुळे दहा पौंड येऊ शकणारी वस्तू दोन पौंडांना दिल्यास त्याचे कारण त्यांच्यापाशी असावे लागते. त्यात गिफ्ट एड या योजनेची भर पडते. या योजनेत प्राप्तिकर भरणारा दाता एका अर्जावर सही करतो, दुकान त्याची वस्तू त्याचा अडत्या म्हणून विकते, विक्रीची रक्कम दात्याने संस्थेला दिलेली देणगी मानली जाते आणि सरकार प्रत्येक पौंडामागे २५ पेन्सची भर घालते. आठ पौंडांना विकलेल्या स्वेटरचे संस्थेला असे दहा पौंड होतात. दुकानाचे भाडे, विजेचे बिल आणि व्यवस्थापकाचा पगार याच रकमेतून भागवायचा असतो, कारण काउंटरवरील माणसे बहुधा स्वयंसेवक असली तरी दुकान केवळ त्यांच्या बळावर चालत नाही. शिवाय दुकानातून स्वस्तात उचललेली वस्तू ईबे किंवा व्हिन्टेड यांसारख्या ऑनलाइन बाजारात चढ्या भावाने विकणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा तो नफा आपणच का घेऊ नये, असे संस्थांना वाटू लागले, आणि तसे वाटणे गैर म्हणता येत नाही.

परंतु या बाजूतील एक दुवा सहसा बोलून दाखवला जात नाही. व्यावसायिक जागेवर जो स्थानिक कर आकारला जातो, त्यात धर्मादाय संस्थेला ८० टक्के सूट कायद्यानेच मिळते आणि उरलेली २० टक्केही नगर परिषद माफ करू शकते. दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर मूल्यवर्धित कराचा दर शून्य असतो, जो एरवी २० टक्के आहे. म्हणजे या दुकानाचा एक अदृश्य दाता सार्वजनिक तिजोरी हा आहे, आणि त्या तिजोरीत साबण विकत घेणारा गरीब ग्राहकही भर घालत असतो. गरिबाने दुकानाच्या किमतीविषयी बोलणे हा आगाऊपणा ठरत नाही, कारण त्या दुकानात त्याचा वाटा आहे. हा मुद्दा मान्य न केल्यामुळेच चर्चा संस्थेची कार्यक्षमता आणि ग्राहकाचा हावरटपणा अशा निरर्थक आरोपांत अडकते.

मराठी स्थलांतरिताचा या दुकानांशी संबंध आधी किमतीमुळे येत नाही, तो संकोचामुळे येतो. कोकणात जुन्या कपड्याचे वावडे मुळीच नाही. नवजात बाळाला धुऊन मऊ झालेले जुने कापडच प्रथम घालतात, आजीच्या लुगड्यांची वाकळ पिढ्यान्‌पिढ्या पांघरली जाते आणि थोरल्याचे कपडे धाकट्याला येतात. मात्र त्या सर्व कपड्यांचा मूळ धनी ओळखीचा असतो. अनोळखी माणसाच्या, त्यातही कदाचित मृताच्या, अंगावरचा कपडा विकत घेऊन घालणे ही कल्पना अनेकांना सहन होत नाही, आणि ब्रिटनमध्ये तर घरातील व्यक्ती गेल्यावर तिचे कपडे चॅरिटी शॉपला देणे ही रूढच रीत आहे. शिक्षणासाठी आलेल्या ज्या मुलाने आयुष्यात कधी कोट घातलेला नसतो त्याला पहिली थंडी हा संकोच सोडायला लावते, आणि तेव्हा त्याला कळते की आपण ज्या दुकानाला दानाचे दुकान समजत होतो तेथे भाव ठरलेला आहे. मुंबईच्या चाळीत जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले पदरात पाडून घेण्यासाठी बोहारणीशी अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या घरातून तो आलेला असला, तरी येथे घासाघीस करणे म्हणजे उपाशी माणसाच्या ताटातून घास उचलणे असे मानले जाते.

दान, कर आणि किंमत यांच्या या प्रश्नाकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी खारेपाटणच्या इतिहासात सापडते. दक्षिण कोकणातील शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट येथे मिळाला आणि जवळच्याच पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी तो प्रथम प्रसिद्ध केला. अव्वेश्वराच्या देवालयासाठी दिलेल्या या दानात काही गावांबरोबरच परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण, म्हणजे सोन्याचे एक नाणे, देवालयाला मिळावे अशी तरतूद आहे, आणि हा पैसा पूजा, देवालयाची डागडुजी, तपस्वी, विद्यार्थी व पाहुणे यांचे अन्नवस्त्र यांवर खर्च व्हावा हेही नमूद आहे. वाघोटन खाडीतून आत येणाऱ्या व्यापाऱ्याला आपले सोने कोठे जाते हे सांगता आले असते. येथेच सापडलेल्या इ. स. १०९४ च्या दुसऱ्या ताम्रपटात उत्तर कोकणचा शिलाहार राजा अनंतदेव याने दोन व्यापारी-अमात्यांना बंदरांतील जकात माफ केली आहे. करमाफी ही राज्याने दिलेली देणगीच असते आणि म्हणून ती कोरून ठेवावी, इतके भान त्या व्यवहारात होते.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात आजही चालणारी पावणी, म्हणजे देवापुढे ठेवलेल्या नारळ-फळांचा लिलाव, याच भानावर उभी आहे. तेथे साध्या नारळाला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते आणि कोणी महाग म्हणून तक्रार करत नाही, कारण बोली लावणारा नारळ विकत घेत नसून सर्वांसमक्ष दान देत असतो. ज्याला भूक असते त्याच्यासाठी त्याच उत्सवात महाप्रसादाची पंगत असते आणि तिला दर नसतो. दान उभे करण्याची जागा आणि दान वाटण्याची जागा अशा दोन निराळ्या जागा ठेवल्यामुळे तेथे कटुता राहत नाही. चॅरिटी शॉपने या दोन्ही जागा एका काउंटरवर आणल्या आहेत.

दुर्मिळ पुस्तके, चिनी मातीची भांडी, नामांकित कंपनीच्या पर्सा यांना बाजारात मिळेल तो भाव घेण्यास काहीच हरकत नाही. ऑक्सफॅमने १९८७ मध्ये ऑक्सफर्डमधील सेंट जाइल्स येथे केवळ पुस्तकांचे दुकान काढले ते याच समजुतीने. रोजच्या कपड्यांचे मात्र तसे नाही. चढ्या किमतीमुळे न खपलेला माल काही आठवड्यांनी मांडणीवरून उतरतो आणि किलोच्या भावाने चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे जातो. पाश्चात्त्य देशांतील असा लोकरी माल कांडला बंदरामार्गे पानिपतच्या गिरण्यांत पोहोचतो, तेथे तो पिंजून त्याचे सूत व घोंगड्या होतात. दोन पौंडांना एखाद्या विद्यार्थ्याने आनंदाने नेला असता असा स्वेटर या वाटेने गेला की संस्थेलाही पेन्सच हाती लागतात. त्यामुळे हिवाळी कोट, मुलांचे बूट आणि पांघरुणे एवढ्यांसाठी तरी दुकानांनी एक ठरलेला कमी दर दर्शनी भागावर लावावा, आणि त्यातून येणारी तूट स्थानिक करातील सवलतीची परतफेड म्हणून वार्षिक हिशेबात वेगळी दाखवावी.