आधी कॉलम, मग ओटा

घर बघायला गेलं की आपण बायका सरळ स्वयंपाकघरात शिरतो. ओटा केवढा आहे, कडाप्पा की ग्रॅनाइट, फ्रीज कुठे मावेल, भांडी घासायला बाईला जागा आहे का. पुरुषमंडळी तोवर गॅलरीत उभी राहून समोर डोंगर दिसतो का ते बघतात. घर ज्याच्यावर उभं आहे ते कोणीच बघत नाही!

गेल्या वर्षी माझ्या भाचीने वाकडला घर घेतलं. दोघंही नवराबायको हिंजवडीला नोकरीला, त्यामुळे जागा वाकडलाच हवी होती. म्हातोबाच्या देवळाचं हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि पुढे शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढे दोन घरं होती. एक, दीड गुंठ्यावर चार मजले चढवलेल्या इमारतीत. तीन ऐसपैस खोल्या, गच्ची वापरायला. मात्र मंजूर नकाशा नाही आणि भोगवटा प्रमाणपत्र नाही. दुसरं, नव्या बारा मजली इमारतीत. खोल्या लहान आणि किंमत चौदा लाखांनी जास्त.

"मावशी, सगळे राहतातच की तिथे," जावई म्हणाले. खरं आहे, राहतात. पण पैसा होता माझ्या धाकट्या बहिणीचा. मेहुणे गेल्यावर आलेला फंड तिने बारा वर्षं हात न लावता ठेवला होता. तो एकदा गेला की पुन्हा येणार नव्हता.

मी नव्या घराच्या बाजूने बोलले, त्याला कारण माझं माहेर. आम्ही पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. दगडमातीच्या रुंद भिंती, केवढा दिमाख त्यांचा! त्याच भिंती आतल्या बाजूला कोसळल्या. आम्ही वाचलो, शेजारचे सगळे वाचले नाहीत. त्यानंतर कित्येक रात्री आईने आम्हांला अंगणात निजवलं. आजही घरात भांडं खणखणलं की मी आधी छताकडे बघते.

कोयनेच्या आधी दख्खनचं पठार म्हणजे काळा दगड, ते कशाला हलतंय, अशीच समजूत होती. भूकंपाला तोंड देणारी घरं कशी बांधावीत याचं भारतीय मानक १९६२ सालीच आलं होतं, पण त्यातला नकाशा कोयनेनंतर, १९७० साली, बदलावा लागला. तरी ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालंच. तो भाग नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! हजारो माणसं झोपेतच दगडांखाली गेली. २००२ च्या नकाशातून तो 'कमी धोक्याचा' पहिला विभागच काढून टाकला, आणि पुणं तिसऱ्या विभागात दाखवलं. म्हणजे वाकडही त्यातच आलं.

या सगळ्यातून घर घेणाऱ्याच्या पदरात काय पडतं, ते मला त्या नव्या इमारतीच्या जागेवरच कळलं. शेजारच्या इमारतीचं काम चालू होतं, कॉलमच्या सळया उघड्या दिसत होत्या. तिथल्या तरुण इंजिनिअरला मी म्हटलं, "बाळ, मला हे समजावून सांग." आधी तो हसला, मग नीट सांगू लागला. कॉलमच्या उभ्या सळयांना आडव्या रिंगा बांधतात. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वाकवलं, तर धक्क्याने बाहेरचं काँक्रीट फुटताच रिंग उघडते आणि सळया फाकतात. पोत्याचं तोंड सुटावं तसं. म्हणून टोक १३५ अंशांत वाकवून कॉलमच्या पोटात घालायचं, आणि बीम जिथे कॉलमला मिळतो तिथे रिंगा जवळजवळ बांधायच्या. हे सगळं १९९३ च्या मानकात लिहिलेलं आहे. खर्च म्हणाल तर थोडी जास्त सळई आणि कारागिराचा थोडा जास्त वेळ. पण इमारत वाकली तरी एकदम बसत नाही, माणसांना बाहेर पडायला अवधी मिळतो. मी वाकून रिंगांची टोकं बघितली. आत वळलेली होती.

दुसरी गोष्ट पार्किंगची. खाली नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा इमारती आपल्याकडे सर्रास असतात. २६ जानेवारी २००१ ला भुजच्या भूकंपात दूर अहमदाबादमधल्या अशा कितीतरी इमारती खालच्या खांबांवरच बसल्या. पुढच्याच वर्षी आलेल्या सुधारित मानकाने सांगितलं, की असा मोकळा मजला ठेवायचा तर तिथले कॉलम आणि बीम अडीचपट जोर धरून आखा, नाहीतर जागोजाग काँक्रीटच्या सलग भिंती द्या. त्या दीड गुंठ्याच्या घराखालीही पार्किंगच होतं. तिथले खांब कोणी आखले, असं मी विचारलं, तर उत्तर आलं, "मिस्त्री जुना आहे, ताई." मिस्त्रीच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण कागद कुठे आहे?

आता ओट्याकडे येऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई सिमेंटमध्येच अडकली. आपल्या राज्याची २०२० ची एकत्रित नियमावली सांगते, की स्वयंपाकघराला निदान एक चौरस मीटरची खिडकी हवी आणि ती मोकळ्या जागेत उघडणारी हवी, डक्टमध्ये नव्हे. फोडणीचा खकाणा डक्टमधून वरच्या बिऱ्हाडात जातो हे ज्याने भोगलं आहे, त्याला या एका ओळीची किंमत सांगायला नको. गॅलरीचा कठडा निदान एक मीटर उंच हवा. घरात रांगतं मूल आहे, म्हणून भाचीने टेप लावून मोजला.

आगीचंही बघितलं. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उंच इमारतीत २४ मीटरच्या आसपास आश्रयासाठी मोकळी जागा सोडतात; जिना धुराने भरला तर तिथे थांबता यावं म्हणून. शिवाय २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्याने दर जानेवारीत आणि जुलैत आगीची साधनं चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घ्यावा लागतो. विजेच्या बोर्डात गळती होताच वीज तोडणारं बटण असतं. गीझर चालू ठेवून आंघोळीला जाणाऱ्यांनी ते महिन्यातून एकदा दाबून बघावं.

वाकडच्या एका अंगाला मुळा नदी आहे, तेव्हा पूररेषाही विचारावी. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधायचंच नाही. २०२४ च्या जुलैत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरलं तेव्हा लोकांना या रेषा आठवल्या.

नवं तेवढं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ जी इमारत कोसळून चौऱ्याहत्तर माणसं गेली, ती नवीच होती, अजून बांधतच होते, पण बेकायदा. म्हणून कागद मागायचे: मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, महारेराचा नोंदणी क्रमांक आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्याने ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो पैसे न घेता तीस दिवसांत दुरुस्त करायचा असतो. त्या दीड गुंठ्याच्या घरात अशी दाद मागायला दारच नव्हतं. महापालिकेचा अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर २०२३ साली माफ झाला, पण कर माफ झाल्याने कॉलममध्ये रिंगा येत नाहीत.

नव्या घराचे खर्चही आहेत बरं का. लिफ्ट, सांडपाण्याचं यंत्र, पंप यांचा मेंटेनन्स दर महिन्याला चुकत नाही. बहिणीने आधी नाक मुरडलं. पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरात पाणी एक दिवसाआड येऊ लागलं होतं, ते दिवस तिने चिंचवडला बादल्या भरत काढले होते. संडासाला धुतलेलं पाणी पुन्हा वापरतात हे कळल्यावर ती जरा नरमली.

खोल्या लहानच आहेत. तिचं शिसवी कपाट दारातून आत जाईना, ते शेवटी नणंदेकडे गेलं. राहायला गेल्यावर भाची आठव्या मजल्यावरची आश्रयाची जागा बघायला गेली, तर तिथे कोणाच्या तरी जुन्या गाद्या आणि मोडकी सायकल! सोसायटीच्या सभेत तिने विषय काढला, थोडी वादावादी झाली, आणि पुढच्या रविवारी जागा मोकळी झाली. जानेवारीचा आगीचा दाखला नोटीसबोर्डावर लावा, असंही तिने सेक्रेटरींना लिहून दिलंय.