बंद पडलेली मालिका आणि राष्ट्राची संपत्ति

आपला देश संपत्तीच्या बाबतींत जगांत चौथा कीं पांचवा, हा वाद २०२५ सालीं वर्तमानपत्रांतून बरेच दिवस रंगला होता. शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर तर त्यानें संध्याकाळच्या संध्याकाळ व्यापून टाकल्या. जपानला आपण मागें टाकलें कीं टाकणार आहों, याचा निकाल लावण्यासाठीं तेथील पेन्शनर मंडळी एकमेकांवर जे आकडे फेंकीत, ते ऐकून यांतील प्रत्येकाच्या खिशांत सरकारी तिजोरीची एकेक किल्ली असावी, असें एखाद्या परक्या माणसास खचित वाटलें असतें. त्याच सुमारास आमच्या घरांत मात्र निराळीच बातमी गाजत होती. रात्रीं आठ वाजतां लागणारी मालिका महिनाअखेर बंद व्हावयाची होती. चौथा कीं पांचवा हा प्रश्न आम्हीं पानावर बसल्यावर काढून पाहिला. परंतु त्याकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं. मालिकेंतील त्या सुनेच्या मुलाचें आतां काय होणार, हाच तेथें राष्ट्रीय प्रश्न होता.

या दोन बातम्यांचा एकमेकींशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. संबंध लावण्याचा आमचा आग्रह नाहीं. पण दोन गोष्टी एकाच ताटांत वाढल्या गेल्या म्हणजे त्यांची चव एकमेकींस लागावयाचीच.

संपत्ति मोजण्याचा नाद आमच्या मुंबईस जुना आहे. एल्फिन्स्टन कॉलेजांत गणित शिकविणाऱ्या दादाभाई नौरोजींनीं १८६७-६८ च्या सुमाराचे सरकारी आकडे घेऊन, प्रांतोप्रांतींचें पीक व त्याचा भाव यांचा मेळ घालून, हिंदी माणसाचें वर्षाचें सरासरी उत्पन्न २० रुपये ठरविलें, आणि १८७६ सालीं या मुंबईंतच निबंध वाचून तें सविस्तर मांडलें. त्या २० रुपयांशेजारीं त्यांनीं तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला, आणि सरकार चोरास जितकें पोसतें तितकेंहि मोकळ्या रयतेच्या वांट्यास येत नाहीं, हें दाखवून दिलें. हा सारा हिशेब वाचतांना आम्हांस एका वाक्यापाशीं नेहमी थांबावेंसें वाटतें. चैन, सामाजिक व धार्मिक गरजा, सुखदुःखाचे प्रसंग, यांपैकीं कशाचाहि खर्च आपण यांत धरलेला नाहीं, असें दादाभाई मुद्दाम बजावून सांगतात. ते गणिती होते. काय मोजलें याइतकेंच काय मोजलें नाहीं हेंहि सांगण्याची त्यांस संवय होती. पुढील हिशेबनिसांत ही संवय फारशी उतरली नाहीं.

ऑगस्ट १९४९ मध्यें आपल्या सरकारनें राष्ट्रीय उत्पन्न समिति नेमली. महालनोबिस अध्यक्ष, आणि पुण्याचे धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सभासद. त्यांच्या हिशेबीं १९४८-४९ सालीं माणशी उत्पन्न २५० रुपयांच्या घरांत होतें. आज तोच आकडा २ लाखांच्या आसपास पोंचला आहे. रुपयाच्या अंगांत तेव्हांचें बळ राहिलें नाहीं, हें कबूल. तरी तें वजा करूनहि वाढ खरीच आहे, आणि तिच्याबद्दल नाक मुरडणें आम्हांस शोभणार नाहीं. तुरुंगांतील भाकरीशीं तुलना करण्याची पाळी आज आमच्यासारख्यांवर येत नाहीं, हें कांहीं थोडें नव्हे. पण सुखदुःखाचे प्रसंग हिशेबाबाहेर राहण्याची चाल जशीच्या तशी आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यानें १९२० सालीं एक मौजेचें उदाहरण दिलें होतें: एखाद्या गृहस्थानें आपल्या पगारी स्वयंपाकिणीशीं लग्न केलें, कीं राष्ट्राचें उत्पन्न तेवढ्यानें घटतें! भात तोच, आमटी तीच. पण पगार थांबला, म्हणून ती हिशेबांतून गेली. हें उदाहरण आम्हीं एकदां घरांत सांगितलें. त्या दिवशीं आमटींत मीठ नव्हतें.

आतां मालिकेचा हिशेब पाहूं. मुंबईचें दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि १९७६ च्या आरंभापासून दूरदर्शनवर जाहिराती दिसूं लागल्या. 'हम लोग' ही मालिका १९८४ सालीं आली ती दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांच्या पाठबळावर. म्हणजे गोष्ट ऐकणारे आपण, आणि गोष्टीचे पैसे मोजणारा शेवयावाला, अशी ही व्यवस्था प्रथमपासून आहे. कीर्तनकाराच्या ताटांत श्रोता यथाशक्ति कांहीं टाकतो. तमाशाचें तिकीट काढतो. मासिकाची वर्गणी भरतो. येथें तो कांहींच देत नाहीं असें त्यास वाटतें. घरोघरचा केबलवाला महिन्याचे पैसे नेतो तेवढेच. खरें पाहतां तो आपले दोन डोळे देतो. साबणवाला त्या डोळ्यांची किंमत वाहिनीस मोजतो. दुकानांत आपण गिऱ्हाईक म्हणून शिरलों अशी आपली समजूत, आणि प्रत्यक्षांत आपण फळीवरचा माल!

मग मालाची प्रत ठरवावीच लागते. देशांत दूरचित्रवाणी-संच असलेलीं घरें वीस कोटींहून अधिक. त्यांपैकीं ५०-६० हजार घरांत मोजणीचें यंत्र बसविलेलें असतें, आणि त्यावरून दर गुरुवारीं सर्व मालिकांच्या नशिबाचा कौल लागतो. २०१५ पासून हें काम 'बार्क' नांवाची संस्था करते. त्या घरांचीहि वर्गवारी असते. मुख्य कमावत्या माणसाचें शिक्षण किती, आणि घरांत अकरा वस्तूंपैकीं कोणत्या वस्तु आहेत, एवढ्या दोन प्रश्नांवर घराची इयत्ता ठरते. विजेची जोडणी, छताचा पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत संच, शीतकपाट, धुलाईयंत्र, संगणक, मोटार, वातानुकूलक आणि शेतजमीन, अशा त्या अकरा वस्तु. राष्ट्राची संपत्ति आणि आमची मालिका यांची गांठ कोठें पडते, तें आम्हांस ही यादी पाहिल्यावर उमगलें. पुस्तकाचें कपाट किंवा तंबोरा त्यांत नाहीं याचा आम्हांस विषाद वाटत नाहीं. साबण खपविण्यास तंबोऱ्याचा कांहीं उपयोग नाहीं.

गिरगांवांत, ठाकुरद्वाराजवळील एका चाळींत, आमच्या एक मावशी राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढें. अकरांपैकीं पांच वस्तु त्यांच्याकडे आहेत. मुख्य कमावता माणूस मात्र आतां कोणीच नाहीं. त्यांच्या खोलींत मोजणीचें यंत्र नाहीं, तेव्हां त्यांनीं मालिका पाहिली काय आणि न पाहिली काय, गुरुवारच्या कौलांत तसूभरहि फरक पडावयाचा नाहीं. तथापि आठ वाजले कीं त्यांच्या खोलींत चार जणी जमत. प्रत्येकीच्या घरीं स्वतःचा संच असतांना त्या येथें कां येत, असें आम्हीं विचारलें, तेव्हां मावशींनीं आमच्याकडे अशा कांहीं नजरेनें पाहिलें, कीं हा प्रश्न पुरुषच विचारूं जाणे! एकटीनें मालिका पाहणें म्हणजे एकटीनें मंगळागौर जागविणें. सासूनें डाव टाकला कीं कोणास तरी "पाहिलेंत?" म्हणतां आलें पाहिजे. पूर्वीं साऱ्या मजल्यांत एकच संच असे आणि रविवारीं दाराबाहेर चपलांचा ढीग पडे. त्या दिवसांचें हें उरलेंसुरलें रूप होतें. जिना चढवेना म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाई देवळांत जाण्याचें सोडून बसल्या होत्या. पण आठ वाजतां एक मजला उतरून त्या येतच.

ती मालिका बंद झाली. कशी झाली, तें सांगण्यासारखें आहे. दोन वर्षें जी खलनायिका कोणाच्या बापास वठली नाहीं, ती चार दिवसांत पश्चात्तापानें पाझरूं लागली. समुद्रांत बुडालेला थोरला भाऊ कोरड्या कपड्यांनिशीं दारांत उभा राहिला. मृत्युपत्र सांपडलें. ज्या मुलाच्या काळजीनें आमच्या घरचें जेवण थंड होत असे, त्याचा शेवटच्या भागांत उल्लेखहि नव्हता. सर्वांनीं हंसत एक फोटो काढला आणि संपलें. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळेस दुसरेंच घर, दुसरीच सून. सुतकाचेहि दहा दिवस असतात. येथें तेवढेहि नाहींत.

गोष्ट अर्धवट राहणें ही कांहीं नवी आपत्ति नव्हे. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'वाल्या वाचकांनीं ती सोसली आहे. हरिभाऊंच्या कांहीं कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. डिकन्सची अखेरची कादंबरी १८७० सालीं त्याच्या मृत्यूनें मध्येंच तुटली. पण तेथें लेखक थकला किंवा मेला. साबण कमी खपला म्हणून कोणी त्याच्या हातचें लेखणीचें टोक मोडलें नाहीं. रागहि लोकांनीं काढला आहे. १९८८ सालीं रामानंद सागरांचें 'रामायण' राज्याभिषेकापाशीं संपलें, तेव्हां लवकुशांची कथा दाखवा म्हणून जालंदरच्या सफाई कामगारांनीं संप केला. आणि उत्तररामायण पुढें झालें. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका आठ वर्षें चालून २००८ मध्यें बंद करण्याचें ठरलें, तेव्हां वाद येथल्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. पण तो निर्माते आणि वाहिनी यांच्यामधील वाद होता. प्रेक्षक त्यांत फिर्यादीहि नव्हता आणि साक्षीदारहि नव्हता. त्याचें नुकसान झालें असें म्हणावें, तर त्यानें पैसे कोठें भरले होते?

मावशींचे यजमान लालबागेंतील एका गिरणींत हजेरी-कारकून होते. गिरणीचा भोंगा हेंच त्या घराचें घड्याळ. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागें घेतला असें कोणीहि कधीं जाहीर केलें नाहीं. कांहीं गिरण्या पुन्हां सुरू झाल्या, कांहीं झाल्याच नाहींत. माणसें गांवीं गेलीं, भाजीच्या पाट्या घेऊन बसलीं, पहारेकरी झालीं. मावशींचे यजमान एका दुकानांत वह्या लिहीत. कोणीं काय करतां म्हणून विचारलें, तर शेवटपर्यंत त्यांचें एकच उत्तर असे: "आमचा संप चालू आहे." हें ते विनोदानें म्हणत कीं कसें, हें आम्हांस कधीं कळलें नाहीं. मावशी तेव्हां हंसत नसत.

त्या गिरण्यांच्या जागेवर आतां मनोरे उभे आहेत. राष्ट्राच्या वहींत पाहिलें तर घाटा कोठेंच दिसत नाहीं. कापड गेलें, तेथें जागेचा भाव आला; आणि साच्यावरच्या माणसाच्या बारा महिन्यांच्या पगाराहून मनोऱ्यांतील एका खोलीचें महिन्याचें भाडें भारी ठरलें, तर उत्पन्न वाढलें असेंच म्हणावें लागेल. १९२० सालीं ज्या ना. म. जोशी यांनीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी करण्यास हातभार लावला, त्यांच्या नांवाच्या रस्त्यावर, लोअर परळांत, आज वाहिन्यांच्याहि कचेऱ्या आहेत. ज्या गल्ल्यांत भोंगा वाजे, त्याच गल्ल्यांत आतां कोणती गोष्ट थांबवावयाची याचा निर्णय होतो. हा योगायोग आहे. आम्ही त्यावर कसलाहि आरोप रचीत नाहीं. चालविणाऱ्यास परवडत नसेल, तर त्यानें मालिका तरी कां चालवावी? मात्र मावशींच्या आयुष्यांत दोन गोष्टी शेवटाशिवाय संपल्या, आणि दोन्ही वेळां देशाची आवक वाढतच होती, एवढें नमूद करून ठेवावेंसें वाटतें.

मालिका बंद झाल्यावर महिन्याभरानें आम्ही गिरगांवास गेलों. आतां दादरहून भुयारी मेट्रोनें थेट जातां येतें. थंडगार डब्यांतून उतरून चाळीचा लांकडी जिना चढतांना आपण एका देशांतून दुसऱ्यांत आलों असें होतें. मावशी एकट्याच बसल्या असतील, या समजुतीनें आम्हीं जरा सावकाश दार लोटलें. आठ वाजून गेले होते. संच बंद होता, आणि चौघी जणी आपापल्या जागीं बसल्या होत्या.

"वकील चांगला मिळालाय," तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सांगत होत्या, "मुलगा तिच्याकडेच राहणार."

"असा कसा राहील?" मावशी म्हणाल्या, "सासू कागद घेऊन बसली आहे ना!"

कोणाचा खटला म्हणून आम्हीं चौकशी केली. त्यांनीं आम्हांस खुणेनें गप्प बसविलें. बंद पडलेल्या मालिकेचा पुढचा भाग चालू होता. गेला महिनाभर रोज रात्रीं तो असाच चालला होता. थोरल्या भावाचें परत येणें त्यांनीं एकमतानें रद्द करून टाकलें होतें, खलनायिकेचा पश्चात्ताप खोटा ठरविला होता, आणि मुलाचा ताबा कोणाकडे जावा यावर चौघींत उघड दोन तट पडले होते. साडेआठ वाजतां भाग संपला; कारण एकीस औषध घ्यावयाचें होतें. घरीं सांगावयास बरें म्हणून आम्हीं खटल्याचा निकाल विचारला, तर मावशी म्हणाल्या, "ये उद्यां."