एका रात्रीची खोली

सिलिगुडी पाहायला म्हणून कोणी जात नाही. दार्जिलिंगला जाणारा सिलिगुडीला उतरतो, गंगटोकला जाणारा उतरतो, भूतानला जाणारा उतरतो आणि नेपाळच्या हद्दीवर जाणाराही उतरतो. आणि उतरल्याबरोबर पहिला प्रश्न विचारतो तो इथून सुटायचे कसे, हा! आपल्याकडे मनमाड आहे, भुसावळ आहे. पण मनमाडला रात्र काढायला फलाटावरचे बाक पुरते. सिलिगुडीला खोली घ्यावी लागते, कारण डोंगरात जाणाऱ्या जीपगाड्या सुटतात सकाळी, आणि दिवस कलला की कोणी ड्रायव्हर वर जायचे नाव काढत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही तिघे निघालो होतो. मी, सौ. आणि माझी थोरली बहीण आक्का. आक्काचे वय त्र्याहत्तर. तीस वर्षे तिने शाळेत भूगोल शिकवला. कांचनजंगा, उंची ८,५८६ मीटर, जगातले तिसऱ्या क्रमांकाचे शिखर, हे तिने किती पोरांकडून घोकून घेतले असेल त्याला गणती नाही. स्वतः मात्र महाबळेश्वरच्या वर ती कधी चढली नव्हती. निवृत्तीनंतर बारा वर्षे पैसे बाजूला टाकत होती. त्यात मी हिशेबी माणूस. पितृपक्षात गाड्यांना गर्दी कमी आणि हॉटेले स्वस्त, म्हणून मी नेमके तेच दिवस धरले. सौ.ला ते पसंत नव्हते. आक्काने एक दिवस विचार केला आणि म्हणाली, "आपले पितर काही सिक्कीमपर्यंत येत नाहीत. जाऊ या."

तीन तारखेला दुपारी आम्ही न्यू जलपायगुडीला उतरलो. नाव जलपायगुडी, पण गाव सिलिगुडीच. तिथून पुढे बसस्टँडपर्यंत ती टोटो नावाची बॅटरीवरची रिक्षा. हिल कार्ट रोडवर तेनसिंग नोर्गेच्या नावाचा बसस्टँड आहे आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत आमच्यासारख्यांसाठी लॉज आहेत. आमचा लॉज तीन मजली, अरुंद, तळमजल्यावर औषधाचे दुकान. भाडे आठशे रुपये. किल्लीला एवढा मोठा लाकडी ठोकळा, की ती खिशात घालून पळून जायचे कोणाच्या मनात येऊ नये. न्हाणीघरात निळी बादली, बादलीत तरंगणारा मग, आणि भिंतीवर बंद पडलेला गिझर. गरम पाणी हवे असेल तर पोऱ्याला सांगायचे, तो बादली वर आणून देतो.

आक्काने खोलीत पाऊल टाकताच हॉटेलची चादर दोन बोटांनी उचलून खुर्चीवर ठेवली आणि पिशवीतून आपली सोलापुरी चादर काढून अंथरली. "हॉटेलच्या चादरीवर माझा विश्वास नाही." मग खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी बांधून तिने ओले पंचे वाळत घातले. एका रात्रीसाठी हा संसार कशाला, म्हणून मी हसलो. पुढे त्या दोरीवर आमचे पाच दिवसांचे कपडे वाळले.

खाली मॅनेजरबाबूंनी जाडजूड रजिस्टर पुढे केले. नाव, गाव, कोठून आलात, कोठे जाणार. शेवटचा रकाना मी वरपासून वाचत गेलो. गंगटोक, दार्जिलिंग, गंगटोक, कालिम्पाँग, गुवाहाटी, फुंटशोलिंग, गंगटोक. पानभर एकानेही तिथे सिलिगुडी लिहिले नव्हते. मीही 'गंगटोक' लिहून सही ठोकली.

पाणी आणणारा पोऱ्या म्हणजे वीस-एकवीस वर्षांचा तरुण, नेपाळी बोलणारा. सगळे त्याला कांछा म्हणत. त्यांच्यात धाकट्या मुलाला तसे म्हणतात. बादली आणायला त्याने अर्धा तास लावला म्हणून मी त्याच्यावर जरा डाफरलो. आक्काने मात्र त्याला बसवून घेतले, घर कुठे विचारले. घर तिस्ता बाजारला, कालिम्पाँगच्या पायथ्याशी, नदीच्या काठावर. बाप नाही. आई रस्त्याकडेला मोमो विकते. आक्का कांचनजंगा पाहायला आली आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा फुलला. म्हणाला, "आमा, हवा साफ असेल तर इथल्या गच्चीवरूनही दिसतो. काब्रू, पांडिम, सगळे मी दाखवीन." आमा म्हणजे आई. आक्काला ते आपले 'अम्मा'च वाटले आणि ती खूश झाली. त्या रात्री पाऊस धो धो कोसळत होता आणि गच्चीवरून समोरचा बसस्टँडसुद्धा दिसत नव्हता.

चार तारखेला पहाटे सामान बांधून खाली आलो, तर मॅनेजरबाबू टेलिव्हिजनसमोर उभे. आमच्याकडे न पाहताच म्हणाले, "रास्ता नेई." रस्ता नाही. त्या रात्री उत्तर सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक हे हिमनदीच्या पायाशी साठलेले सरोवर फुटले होते. ते पाणी तिस्तेतून खाली आले, चुंगथांगचे बाराशे मेगावॉटच्या वीजप्रकल्पाचे धरण त्याने फोडले, सिंगतामजवळ लष्कराच्या गाड्या वाहून नेल्या आणि गंगटोकचा हमरस्ता ठिकठिकाणी तोडला. तो रस्ता सेवकपासून वर तिस्तेच्या कुशीकुशीनेच जातो. नदीने कूस बदलली की रस्ता गेलाच.

मी आधी काय केले असेल? गंगटोकच्या हॉटेलला दिलेल्या आगाऊ पैशांसाठी फोन लावला. खरे ते सांगतो. तो लागला नाही. मग मला जिन्यात कांछा दिसला. पायरीवर बसून तोही फोन लावीत होता. त्याचाही लागत नव्हता.

दिवसभर तो कामे करीत राहिला. बादल्या, चहा, केरवारा. आणि दोन बादल्यांच्या मध्ये फोन. लॉज भरून गेला होता, कारण जाणारे थांबले आणि येणारे येतच होते. टीव्हीवर तिस्ता बाजारची घरे पाण्यात उभी असलेली दाखवीत. तो दारातून बघे आणि निघून जाई. सिलिगुडी तिस्तेवर नाही, महानंदेवर आहे. गावात पाऊस सोडला तर काही नव्हते. दुकाने उघडी, टोटोंची भाऊगर्दी, हिल कार्ट रोडवर भोंग्यांचा कल्लोळ, लुची आणि बटाट्याची भाजी कढईतून उतरते आहे. रस्त्यालगतच्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून १८८१ पासून दार्जिलिंगला आगगाडी जाते आहे. तीस-चाळीस मैलांवर असे काही घडले आहे हे फक्त जीपच्या अड्ड्यावर कळे. तिथे ड्रायव्हर गोळा होऊन हळू आवाजात बोलत असत.

पाच तारखेला मी चौकशी करून आलो. गंगटोकला लावावरून वळसा घालून कोणी कोणी नेतात, पण मागतील ते पैसे. दार्जिलिंगचा रस्ता मात्र वेगळा, तो चालू. तीन जागा मिळत होत्या. मी धावत खोलीवर आलो. "चला, कांचनजंगा तिथूनही दिसतो. उलट जास्त चांगला दिसतो."

आक्का सोलापुरी चादरीवर बसून जप करीत होती. म्हणाली, "त्या पोराच्या आईचं कळल्याशिवाय मी हलायची नाही."

"आक्का, आपण इथं बसून काय होणार आहे?"

"काहीच नाही. पण सकाळी त्यानं मला चहा दिला. उद्या मी दार्जिलिंगला चहा पीत बसू?"

सौ. काही बोलली नाही. तिने बांधलेली बॅग परत उघडली. मी रागावून खाली जाऊन बसलो. आठशे रुपये रोज, शिवाय जेवणे. आणि परतीची तिकिटे काही थांबणारी नव्हती. माझे चुकत होते असे मला आजही पूर्णपणे वाटत नाही.

त्या रात्री वीज गेली आणि मॅनेजरबाबूंनी मला मेणबत्तीसमोर बसवून चहा दिला. सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. वडील १९४८ साली रंगपूरहून आले. रंगपूर आता बांगलादेशात. त्यापूर्वी, ते सांगत होते, दार्जिलिंग मेल रात्री कलकत्त्याच्या सियालदाहून निघे, पद्मेवरचा १९१५ सालचा हार्डिंज पूल ओलांडून सरळ उत्तरेला येई आणि सकाळी सिलिगुडीला पोचे. १९२६ पासून तर डबाही बदलावा लागत नसे. फाळणी झाली आणि ती सरळ रेघ दुसऱ्या देशातून जाऊ लागली. मग सकरीगलीला उतरायचे, आगबोटीने गंगा ओलांडून मनिहारीला जायचे, पुन्हा गाडी. फरक्क्याचा पूल १९७१ मध्ये होईपर्यंत हेच. दोन्हीकडे परदेश आणि मध्ये वीस-बावीस किलोमीटरची चिंचोळी पट्टी. तिच्यात हे गाव सापडले. १९३१ मध्ये वस्ती सहा हजारांच्या घरात होती, २०११ मध्ये पाच लाखांवर गेली. एवढी माणसे आली कुठून? आमच्या वडिलांसारखीच, म्हणाले. "सगळे कुठे तरी निघालेले आणि इथे अडकलेले, दादा. कोणी एका रात्रीसाठी, कोणी पंचाहत्तर वर्षांसाठी."

मी विचारले, कांछाला सुटी का देत नाही? ते म्हणाले, "कालच देऊन ठेवली. पण जाणार कुठून? तो काम मागतो. हात रिकामे ठेवायला भितो."

सहा तारखेला दुपारी जिन्यात आरडाओरडा झाला. आम्हांला वाटले भांडण. बाहेर येऊन बघतो तर कांछा फोन कानाला लावून मोठमोठ्याने रडतो आहे आणि तिन्ही मजल्यांवरची दारे उघडली आहेत. आई जिवंत होती. रात्री आवाज ऐकून शेजाऱ्यांबरोबर ती डोंगरावर चढली होती आणि आता एका शाळेत राहत होती. फोन मागे राहिला होता. घर गेले. मोमोची गाडी, पातेली, सगळे गेले. जिथे घर होते तिथे आता गाळ होता. गुवाहाटीला निघालेल्या एका मारवाडी कुटुंबाने पेढ्यांचा पुडा फोडला. पेढे खावेत की नाही हे कोणाला कळेना. मग सगळ्यांनीच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरुबथान-लावाच्या वळशाने जाणाऱ्या एका मालगाडीवाल्याबरोबर मॅनेजरबाबूंनी त्याची सोय केली. तांदूळ, डाळ, दोन पातेली आणि महिन्याचा पगार आगाऊ. आक्काने खोलीत जाऊन सोलापुरी चादर घडी करून आणली. "शाळेत फरशी गार असेल. आईला दे." त्याला ती चादर कशासाठी हे आधी समजेना, कारण गेले चार दिवस तो तिला त्या चादरीला हातही लावू देत नाही असे बघत होता. मग तो वाकून आक्काच्या पाया पडला. माझ्याकडे बघून म्हणाला, "साहब, गरम पाणी आज दुसरा आणेल." मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिलो.

आठ तारखेला पहाटे दारावर थाप पडली. मॅनेजरबाबू मफलर गुंडाळून उभे. "जल्दी छादे आसुन." आक्काचा गुडघा धरून आम्ही तिला गच्चीवर चढवले. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले हॉटेलचे पलंगपोस, सगळ्या गावाच्या दूरदर्शनच्या तबकड्या; आणि त्यांच्यावर, ढग समजून आम्ही ज्याकडे आधी पाहिलेच नाही इतक्या उंचावर, तो होता. पांढरा नव्हे, तांबूस. आक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "आणि काब्रू कुठला? पांडिम?"

मॅनेजरबाबू ओशाळले. जन्म इथे गेला होता, पण मोठा तो कांचनजंगा यापलीकडे त्यांना नावे येत नव्हती. ती कांछाला येत. दहा-पंधरा मिनिटांत खालून धुरकटपणा वर आला आणि सगळे पुसले गेले.

जीप आठला सुटायची होती. हिशेब करताना शेवटच्या दोन दिवसांचे भाडे निम्मे लावलेले मी पाहिले आणि त्यावरून आमची थोडी हुज्जत झाली; पितृपक्षात स्वस्त म्हणून आलेल्या माणसाने जास्त पैसे घ्या म्हणून भांडावे याचे सौ.ला हसू आवरेना. हुज्जत त्यांनीच जिंकली. मग त्यांनी रजिस्टर उघडले, माझ्या नावापुढचे गंगटोक खोडले आणि वर दार्जिलिंग लिहिले.

दार्जिलिंगच्या हॉटेलात आक्का त्यांच्याच चादरीवर झोपली. आधी दोनदा झटकून आणि वास घेऊन.