वेताळाचे कारागीर

परवा भाईंदरच्या घरी दिवाळीची साफसफाई चालली होती. माळ्यावरच्या ट्रंकेतून मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा एक जीर्ण अंक निघाला, आणि फडके हातात तसेच धरून मी खाली बसलो. वेताळ! १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केलेली ही माला १९९० मध्ये बंद पडली; पण तिच्यापायी दादाचा नि माझा मार खाणे कितीतरी वर्षे चालू होते.

त्या वयात वाटे, वेताळाला कुणी घडवलेलेच नाही. तो आपला जंगलात आहेच. आता चष्मा लावून पाहिले, तर पानापानांतून माणसे दिसू लागली. कथा ली फॉक यांची. गुहेतला तो दाट काळोख साय बॅरी यांच्या कुंचल्याचा. मुखपृष्ठे पुष्कळदा बी. गोविंद यांची. वर्तमानपत्री आडव्या पट्ट्या जुळवून त्यांचे उभे पान करणारा आणखी कुणी निराळाच.

पण मी अडकलो तो संवादांच्या फुग्यांत. फुगे इंग्रजीच्या मापाचे! इंग्रजी अक्षरे ओळीत मुकाट बसतात. आमच्या वेलांट्या वर चढतात, उकार खाली लोंबतात. तरी एकही मात्रा वेताळाच्या नाकावर आलेली नाही. भाषांतरकाराने शब्द छाटला असेल, लिहिणाऱ्याने ओळ आवळली असेल.

त्यांची नावे सापडतात का, म्हणून शेवटचे पान उलटले. ते अर्धेच! ओढाओढीत उरलेले अर्धे दादाच्या हाती गेले होते. घराच्या वाटणीपासून आमचे बोलणे तुटकच. तरी फोन लावला.

“आधी माझा अंक परत कर,” तो म्हणाला.