ऑईलची तारीख

आमच्या ओसरीच्या दारामागं ऑईलपेंटनं लिहिलेली एक यादी आहे. तारीख, अन् पुढं किलोमीटर. पाहुण्यांना वाटतं, दुधाचा हिशेब असंल. तो माझ्या मोटारसायकलच्या ऑईलचा हिशेब आहे. पहिली ओळ पोरीच्या हातची, मार्च २००६ ची.

त्या साली तिची दहावी होती. सेंटर पाचोऱ्याला, आमच्या गावापासून अकरा किलोमीटर. गणिताच्या पेपरच्या दिवशी एसटी आलीच नाही, म्हणून मी म्हटलं, चल, गाडीवर सोडतो. कापसाच्या पैशातून जुनी स्प्लेंडर घेतली होती. घेतल्यापासून पेट्रोल टाकायचं अन् कीक मारायची, एवढंच माहीत. निम्म्या वाटेवर गाडी जड झाली, आवाज बदलला अन् घर्रकन जागेवर थांबली. कीक खाली जाईना. इंजिन जाम!

पोरगी घड्याळाकडं पाहत होती. मी घामाघूम. मागून दुधाची गाडी आली, तिला हात केला. कॅनच्या मधी ती चढली अन् म्हणाली, "आबा, तुम्ही गाडीजोडे थांबा, मी जास." घंटा झाल्यावर ती वर्गात पोचली.

मिस्तरीनं नट खोलला तर आतून वाटीभर ऑईल निघालं, काळं, काकवीसारखं. तो म्हणाला, "पेट्रोल संपलं तर गाडी झटके देऊन सांगते. ऑईल संपत आलं तर ती काहीच सांगत नाही." बोअर-पिस्टनचं काम निघालं, त्यात खताचे पैसे गेले.

मला स्वतःचीच लाज वाटली. बैलगाडी जुंपायच्या आधी माझा बाप आसाला वंगण घातल्याशिवाय निघत नव्हता. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं ऑईल मी स्वतः रोज पाहायचो, कारण ते बंद पडलं तर कपाशी सुकते. अन् ज्या गाडीवर लेकीला बसवलं, तिच्याकडं कधी वाकून पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून ऑईल मी घरीच बदलतो. काम अर्ध्या तासाचं आहे. आधी गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवायची. ऑईल कोमट झालं की पातळ होतं अन् खालचा गाळ घेऊन निघतं. मग बंद करून मेन स्टँडवर उभी करायची. खाली जुनं घमेलं ठेवायचं, वरची ऑईलची कांडी सैल करायची अन् सतरा नंबरच्या पान्यानं खालचा नट खोलायचा. शेवटचे आटे हातानं फिरवावे, पण बोटं जपून, भाजतं. थेंब थांबेपर्यंत घाई करू नये. नट बसवताना वायसर पाहावा, चेपला असंल तर नवा टाकावा, अन् सुरुवात हातानंच करावी. इंजिन ॲल्युमिनियमचं, पान्यावर जोर दिला तर आटे जातात. एकदा माझ्याकडून गेले, म्हणून सांगतो.

माझ्या गाडीत नऊशे मिली ऑईल बसतं. ते मोटारसायकलचंच घ्यावं. हिचा क्लच ऑईलमधीच बुडालेला असतो. कारचं काही ऑईल टाकलं तर तो घसरतो. मग गाडी दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायची, थोडं थांबायचं, अन् कांडी पुसून नुसती आत टेकवायची. आटे फिरवायचे नाहीत. दोन रेघांच्या मधी ऑईल दिसलं की झालं.

पूर्वी जळकं ऑईल मी बांधाला ओतायचो. एका पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला, तेव्हा कळलं. आता कॅनमधी भरून पाचोऱ्याच्या गॅरेजवाल्याला देतो.

गणितात पोरीला कमी मार्क पडले. ती त्यावर कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. गाडी दुरुस्त होऊन आली त्या संध्याकाळी तिनं ब्रश घेतला, दारामागं तारीख लिहिली अन् म्हणाली, "आबा, पुढची तुम्ही लिहा."

ती आता नाशिकला असते. दिवाळीत आली की आधी दारामागं डोकावते. यंदा तिच्या पोरानं घमेलं धरलं, नट मी खोलला. यादीतली शेवटची ओळ त्याच्या हातची आहे. अक्षर आईसारखंच, थोडं तिरपं.