कपाटाची किल्ली

माझ्या जुडग्यात हल्ली एक किल्ली कमी आहे. घराची आहे, कॉलेजातल्या टेबलाच्या खणाची आहे, स्कूटरची आहे. नाही ती आमच्या चर्चमधल्या लोखंडी कपाटाची. दिसायला ती अगदीच सामान्य, थोडी गंजलेली. पण चौदा वर्षे ती माझ्या खिशात होती, आणि खरे सांगायचे तर माझ्या प्राध्यापकीपेक्षा मला त्या किल्लीचाच अभिमान अधिक वाटे.

नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर म्हणायचे) आमचे गाव लहान, आणि मंडळी त्याहून लहान. कपाटात पेटी, ढोलकी, झांजा, ‘उपासना संगीता’च्या प्रती, शब्बाथ शाळेचे हजेरीपट आणि नाताळच्या नाटुकल्यातले पुठ्ठ्याचे मुकुट. म्हणजे रविवारी जे काही व्हायचे, ते आधी माझ्या खिशातून निघायचे. ‘सर आले का?’ असे दारात कुणी विचारले की मला कोण आनंद होई!

दर नोव्हेंबरात पंचकमिटीची सभा भरे. नाताळची आखणी होई, चहा येई, आणि चहाबरोबर माझे ठरलेले वाक्य येई : ‘काय करणार? तरुण पुढे येत नाहीत.’ सगळे माना डोलावीत. पण त्यांनी पुढे यावे तर कुठे, हे कुणी विचारीत नसे. पुढची सगळी जागा मीच अडवून बसलो होतो. तरुणांच्या वाट्याला होत्या त्या सतरंज्या : आधी घालायच्या, मग घड्या करून ठेवायच्या.

एकदाच मी औदार्य दाखवले. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला म्हटले, ‘आज पेटीवर तू बस.’ बिचाऱ्याने पहिलेच गीत वरच्या पट्टीत धरले. बायकांचा आवाज फाटू लागला, पुरुष गप्प झाले. पहिले कडवे संपताच मी उठलो, पेटी आपल्याकडे ओढली आणि गीत ठाकठीक पार पाडले. उपासनेनंतर दोघातिघांनी माझे कौतुकही केले. तो मुलगा पुढच्या रविवारी मागच्या बाकावर बसला. मग दाराजवळ. मग दिसेनासाच झाला. ‘हल्लीच्या पोरांत चिकाटी नाही,’ असा निकाल देऊन मी मोकळा झालो.

दोन वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात मला कावीळ झाली. डॉक्टरांनी महिनाभर अंथरुणाला खिळवले. चौथ्या दिवशी पाळकीणबाई किल्ली मागायला आल्या. मी सूचना सुरू केल्या : ढोलकी उन्हात ठेवू नका, पेटीचा तिसरा सूर चिकटतो, मुकुट... बाईंनी सगळे शांतपणे ऐकले आणि हात पुढे केला. ‘सर, सगळं लक्षात ठेवीन. पण आधी किल्ली द्या!’

पडल्या पडल्या शास्त्र उघडले. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसे. ते पाहून त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला सांगितले की अशाने तू थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. जावयाने ते ऐकले. मला मात्र ते ऐकवायला कावीळ यावी लागली! पुढे मार्क भेटला. हा अर्ध्या प्रवासातून परत फिरला, म्हणून पौलाने पुन्हा त्याला बरोबर घ्यायचे नाकारले. बर्णबाने घेतले. उतारवयात तोच पौल पत्रात लिहितो की मार्काला घेऊन या, तो उपयोगी आहे. मधल्या काळात बर्णबा नसता तर?

‘स्मृतिचित्रे’ मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख टिळकांनी करून दिली. तापट माणूस, पण शिकवले. 1919 साली टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. हे मी मुलांना कितीदा तरी सांगितले असेल. पण आपले अपुरे काम पुरे करणारे माणूस मी कुठे तयार केले आहे, हा प्रश्न काही मला सुचला नव्हता.

नाताळच्या आदल्या रात्री गाणाऱ्यांची फेरी माझ्या दारी आली. माझ्या काळात सातजण जमले तर पुष्कळ. खिडकीतून मोजले, सोळा होते. पुढे अकरावीतली एक मुलगी कंदील घेऊन. एक कडवे गळले, ताल दोनदा सुटला. आणि गळ्यात पेटी अडकवून तोच मुलगा उभा! माझा हात ताल द्यायला वर गेला. मी तो रजईखाली घातला. चहा घेताना त्याला काहीतरी चांगले बोलायचे होते. तोंडातून निघाले, ‘ढोलकी जरा उतरली होती रे.’ तो हसला आणि गेला. जित्याची खोड!

आता आमच्याकडे प्रत्येक कामाला दोघे असतात, एक जुना, एक नवा. तीन वर्षांनी जुन्याने बाजूला व्हायचे. नव्याला सतरंजीबरोबर हिशेबाची वहीही द्यायची. शाबासकी रविवारी चारचौघांत, चूक सोमवारी एकट्याला गाठून. यात मोठे शास्त्र काही नाही. मन तेवढे मोठे लागते, आणि ते मात्र कपाटात ठेवलेले नसते.

बरा झाल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेलो. ‘त्या रविवारी मी चुकलो,’ म्हटले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘नाही सर, पट्टी खरंच चढली होती. पण दुसऱ्या कडव्याला मी ती उतरवणारच होतो.’

ते दुसरे कडवे मी त्याला दिलेच नव्हते.